बिशपसाहेबांचं आत्मचरित्र टाइप करताना

बहरीनमध्ये, मनामातल्या चर्चच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा आईने चिपळूणहून फोनवर पहिला प्रश्न केला, "तिथे तुला काही बदलायला तर लावणार नाहीत ना?"

"लेटरहेड बदललंय त्यांनी परवा. बाकी काही नाही," मी म्हटलं.

काम साधं होतं. हॉलचं बुकिंग, लग्नाचे दाखले, पत्रं, शुक्रवारच्या प्रार्थनेचे कागद. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चची मोठी प्रार्थनाही शुक्रवारी. एकाच आवारात तमिळ, मल्याळी, तेलुगू, इंग्रजी अशा सगळ्यांच्या प्रार्थना होत, आणि कोणाला कुठली खोली किती वाजता हे ठरवणं हीच माझी खरी नोकरी होती. नवरा कारखान्यात मेंटेनन्सला, आम्ही राहायला रिफाला. सकाळी मुलीला शाळेत सोडून मी गाडीने मनामाला यायची.

बिशपसाहेब आले तेव्हा मला तिथे चार वर्षं झाली होती. बिशप म्हणजे पाद्र्यांच्याही वरचा माणूस, अनेक चर्चची जबाबदारी असलेला. हे इंग्लंडमध्ये त्या पदावरून निवृत्त झालेले होते. बायको गेली, घर मोठं वाटायला लागलं, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून ते मदतनीस बिशप होऊन आमच्याकडे आले. आवाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं, ते त्यांना दिलं. वय अठ्ठ्याहत्तर. उंच, थोडे वाकलेले, जांभळा शर्ट कायम कडक इस्त्रीचा. आणि हात मोठे, कामकऱ्यासारखे.

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, "तुम्ही माझं आयुष्य टाइप कराल का? मुलगी मागे लागली आहे. माझं अक्षर तिला लागत नाही."

सोमवारी आणि बुधवारी, दहा ते बारा असं ठरलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सांगत आणि मी टाइप करत जाई.

त्यांचे वडील उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदरात मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे. मोठा भाऊ बोटीवर गेला तो परत आला नाही. तरी सतराव्या वर्षी हेही मालवाहू जहाजावर चढले. त्याच जहाजाने ते पहिल्यांदा बहरीनला आले, आणि तापाने फणफणले म्हणून जहाज त्यांना इथल्या दवाखान्यात ठेवून निघून गेलं. तीन आठवडे ते एकटे पडून होते. एक पाद्री रोज संध्याकाळी यायचे. देवाबद्दल एक शब्द नाही, फक्त क्रिकेटचे स्कोअर सांगायचे आणि जायचे. "मला वाटलं, असं काम असेल तर मी करेन," बिशपसाहेब म्हणाले.

मग कॉलेज, दीक्षा, कोळशाच्या खाणींच्या गावात सोळा वर्षं. खाण बंद पडली तेव्हा त्यांनी चर्चचं स्वयंपाकघर सहा महिने उघडं ठेवलं होतं. पुढे बिशप झाले. त्या समारंभाला आई आली होती. डोक्यावरची उंच टोपी बघून तिने विचारलं, "घरी पण घालणार का ही?" हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की टायपिंग थांबवावं लागे.

एका बुधवारी त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली. त्यांच्या हाताखाली एक म्हातारे पाद्री होते. ते प्रार्थना मध्येच विसरायला लागले. एकदा लग्नाच्या जागी अंत्यविधीची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. तक्रारी आल्या. "मी त्यांना पत्र पाठवलं," बिशपसाहेब म्हणाले. "निवृत्त व्हा, असं. वीस मैलांवर राहायचे ते. मी गाडी काढून जाऊ शकलो असतो. गेलो नाही. पत्र पाठवलं." मग त्यांनी माझ्या टायपिंगकडे बोट केलं. "हे घ्या आत. गाळू नका."

मी ते घेतलं.

पुढच्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं. सोमवारी त्यांनी बिशप होण्याचा समारंभ सांगितला. तो मी आधीच टाइप केला होता, पण म्हातारी माणसं तीच गोष्ट पुन्हा सांगतात, म्हणून मी गप्प राहिले. बुधवारी त्यांनी तोच समारंभ तिसऱ्यांदा सांगितला. शब्द तेच, मधली थांबायची जागा तीच, आईच्या वाक्यावरचं हसूही तितकंच. आणि हसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसेन अशा अपेक्षेने.

मी हसले. टायपिंग मात्र मी थांबवलं होतं.

कारण मला हे माहीत होतं. माझे वडील चिपळूणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी सुटते आणि कुठे पोचते, सगळं तोंडपाठ. निवृत्तीनंतर ते दर फोनवर मला विचारायचे, "तुमच्याकडे किती वाजले?" मला वाटायचं सवयीने विचारतात. आई आणि दादा मला म्हणायचे, सगळं ठीक आहे. वडिलांना मधूनमधून फोनवर आणायचे, मागून हळूच शब्द पुरवायचे. दोन वर्षांनी मी सुट्टीवर गेले, तेव्हा वडील उठून उभे राहिले आणि मला अहो-जाहो करून म्हणाले, "बसा, गाडीला वेळ आहे." ते एवढ्यात झालेलं नव्हतं. घरात सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्यांनी मिळून झाकलं होतं.

त्या बुधवारी मी मागची सगळी पानं काढून बघितली. भाऊ बुडाला तेव्हा एका ठिकाणी एकोणीस वर्षांचा होता, दुसऱ्या ठिकाणी चोवीस. त्याचं नाव दोन प्रकरणांत दोन वेगळं. मी नवऱ्याला सांगितलं.

"तू त्यात पडू नकोस," तो म्हणाला. "त्यांच्याकडे मोठी माणसं आहेत. त्यांना दिसेलच."

"नाही दिसत. ते शुक्रवारी वाचून दाखवतात. कागद हातात असला की त्यांचं काहीच चुकत नाही."

"मग तू काय करणार? डॉक्टर आहेस?"



मे महिना लागला. आमचे मुख्य पाद्री, ज्यांना आम्ही फादर म्हणायचो, सुट्टीवर गावी गेले होते. आवारात बिशपसाहेबच मोठे. एका बुधवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, ते आले नाहीत. मी मागे जाऊन दार वाजवलं. दार नुसतंच लोटलेलं होतं. टेबलावर मोबाइल आणि शेजारी त्यांचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र. अंथरूण नीट घातलेलं. ते कुठेच नव्हते.

गेटवरचा वॉचमन तेलंगणाचा. म्हणाला, "मॅडम, साब तो सात बजे निकल गए. बोले, जहाज पकडना है. मैं समझा मजाक कर रहे हैं."

बाहेर बेचाळीस अंश होते. तीन तास झाले होते. पोलिसांना फोन करावा असं मनात आलं. मग आलं, की केला तर दुपारपर्यंत सगळ्या बहरीनला कळेल. आता लिहिताना मला याची लाज वाटते, पण तेव्हा मी त्यांची अब्रू आधी बघितली आणि ऊन नंतर. वॉचमनला म्हटलं, "अर्ध्या तासात मी फोन केला नाही, तर पोलिसांना कळव." आणि गाडी काढली.

जहाज. म्हणजे समुद्र. मी आधी बंदराकडच्या रस्त्याने गेले. फुटपाथ रिकामे. उन्हात एकही माणूस चालत नव्हता. जांभळा रंग दिसेल म्हणून मी प्रत्येक बसस्टॉपच्या सावलीत बघत होते. सिग्नलला मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कळलं, हिरवा दिवा कधीचाच लागला होता. मग एकदम त्यांचं सांगणं आठवलं. सतरा वर्षांचे असताना ते जहाजावरून छोट्या होडीने किनाऱ्याला उतरले होते आणि समोरच बाब अल बहरीनची कमान, म्हणजे जुन्या बाजाराचं प्रवेशद्वार होतं. तेव्हा समुद्र कमानीच्या जवळ होता. नंतर भराव घालून घालून तो लांब गेला. आता कमानीसमोर रस्ता, इमारती आणि पार्किंग.

मी गाडी मिळेल तिथे लावली आणि पळत सुटले. कमानीखालून आत, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत. विचारायचं काय, हाही प्रश्नच. "लंबे से अंग्रेज, बूढे, जांभळा... बैंगनी शर्ट?" दोघांनी माना हलवल्या. तिसऱ्या दुकानाबाहेर एक पाकिस्तानी शिंपी उभा होता. त्याने मला बघून विचारायच्या आत हात वर केला. "यल्ला, अंदर आओ, बहन. इधर बैठे हैं."

बिशपसाहेब पंख्याखाली स्टुलावर बसले होते. चेहरा लालभडक, ओठ फुटलेले, पायातला एक बूट काढलेला. शिंप्याने त्यांच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला होता. "तीन बोतल पानी पिलाया," तो हळूच म्हणाला. "बार बार पूछते हैं, समुंदर किधर गया."

मी समोर बसले. "सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती. ती नजर मी चिपळूणला बघितली होती.

"होडी बाराला सुटते," ते मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "इथेच धक्का होता. ते मला सोडून जातील."

"आज होडी नाहीये," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. "माझी गाडी आहे. चला."

ते आले. त्यांच्या बुटाची नाडी मी बांधली. शिंप्याने एक बाटली आणखी दिली आणि आभार मानायला लागले तर "खलास, खलास", म्हणजे पुरे झालं, म्हणून हात हलवला. गाडीत एसी लावला, वॉचमनला फोन करून सांगितलं. सीफ भागाजवळ येईपर्यंत त्यांचा श्वास जागेवर आला. एकदम ते म्हणाले, "आज बुधवार. आपण आज काय लिहिणार होतो?" मग आपल्या हातातला ओला टॉवेल बघितला, आणि त्यांना कळलं. चेहऱ्यावरून कळलं मला.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. ऊन लागलंय, पाणी प्या, विश्रांती घ्या. उन्हाच्या पलीकडचं डॉक्टरांना मी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर बिशपसाहेबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी औषधाची चिठ्ठी घेऊन उठले.

परत आल्यावर त्यांच्या घराच्या व्हरांड्यात मी म्हटलं, "सर, हे उन्हाचं नाहीये. तुम्ही एकच प्रकरण मला तीनदा सांगितलंत. माझ्या वडिलांना हेच झालंय. फादरना सांगायला हवं. तुमच्या मुलीला सांगायला हवं."

दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला टाइप करायला ठेवलंय. निदान करायला नाही."

"हो," मी म्हटलं, आणि उठले नाही.

मग ते बोलले, ते भिंतीकडे बघून. "पुढच्या शुक्रवारी कन्फर्मेशन आहे. चौदा मुलं. लहानपणी बाप्तिस्मा झालेला असतो, आता ती स्वतःच्या तोंडाने हो म्हणतात, आणि बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो. ते फक्त बिशपच करू शकतो. ही माझी शेवटची चौदा असतील. तेवढं होऊ द्या. मग मी स्वतः सांगेन."

"कधी?"

"त्यानंतरच्या रविवारी. दहा वाजता तुम्ही या. तुमच्यासमोर फादरना सांगेन." मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्या पाद्र्याला मी पत्र पाठवलं होतं. तुम्ही निदान समोर बसलात."

मी कबूल केलं. अट एकच घातली, एकट्याने गेटबाहेर जायचं नाही. वॉचमनला तसं बजावलं. पुढचे नऊ दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. माझी मुलगी एकदा म्हणाली, "ममा, यू आर नॉट लिसनिंग," आणि खरंच मी ऐकत नव्हते. गुरुवारी फादर परतले, बॅग ठेवून थेट ऑफिसात आले, "सब ठीक?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठीक. माझ्या तोंडून दादाचाच आवाज आला.

कन्फर्मेशनमध्ये बिशपला प्रत्येक मुलाचं नाव घ्यावं लागतं. मी चौदा कार्डं केली, ठळक अक्षरांत नावं छापून, आणि प्रत्येकाच्या छातीवर पिन लावून दिली. आया म्हणाल्या, किती छान कल्पना. मी दुसऱ्या रांगेत बसले. हिंदू बाई, प्रार्थना पाठ नाही, पण त्या दिवशी त्यांच्या हातातला कागद माझ्याकडेही होता आणि मी ओळीवर बोट ठेवून बसले होते.

सहा मुलं नीट झाली. सातवी एक तमिळ मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, पांढरा फ्रॉक. ती गुडघ्यावर बसली आणि तिचं कार्ड उलटं झालं.

बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. थांबले. चर्चमध्ये एसीचा आवाज ऐकू यायला लागला. त्यांचे डोळे कार्डाच्या कोऱ्या बाजूवर होते. मग ते डोळे वर आले, रांगांवरून फिरले. मला वाटलं, आता ते होडीबद्दल विचारणार. मी अर्धी उठले होते. फादर एक पाऊल पुढे आले.

तेवढ्यात बिशपसाहेब खाली वाकले आणि त्या मुलीला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाळ, तुझं नाव तूच सांग मला."

तिने सांगितलं. त्यांनी ते नाव घेऊन प्रार्थना पुरी केली. पुढच्या सातही जणांना त्यांनी तेच विचारलं. लोकांना वाटलं, हे असंच असतं. मी पुन्हा खाली बसले.

नंतर चहाला सगळे त्यांच्याभोवती. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "मुलांनी स्वतः आपलं नाव सांगावं, किती सुंदर सुचलं तुम्हाला!" ते हसून म्हणाले, "हो, मला वाटलं तसं करावं." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी दहा वाजता मी त्यांच्या दारात होते. ते खुर्चीत बसले होते, पायावर पाय टाकून, प्रसन्न.

"आज रविवार ना?" ते म्हणाले. "आपण सोमवारी लिहितो."

"आज फादरना सांगायचं ठरलंय, सर."

"काय सांगायचं?"

मी आठवण करून दिली. बाजार, शिंपी, व्हरांडा, त्यांचं वचन. ते सौम्यपणे ऐकत राहिले. "मला असं काही आठवत नाही," म्हणाले. "तुम्ही फार दमलेल्या दिसता. थोडी रजा घ्या."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खरंच गेलं होतं का ते? की नाटक करत होते? वडिलांच्या बाबतीत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. यांच्या बाबतीत पडला, आणि दोन्ही उत्तरांची सारखीच भीती वाटली. विसरले असतील, तर एका आजारी माणसाला मी वचनाच्या नावाने छळत होते. विसरले नसतील, तर मी आयुष्यात ज्यांना सर्वांत जास्त मानलं त्यांतले एक माझ्या तोंडावर खोटं बोलत होते.

"मी फादरकडे जाते आहे," मी म्हटलं. "तुमच्या पाठीमागे नाही. तुम्हाला सांगून जाते आहे."

आवार ओलांडायला दोन मिनिटं लागतात. दोनदा मला मागे वळावंसं वाटलं.

फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच विचारलं, "त्या बुधवारीच मला फोन का नाही केलास?" त्याचं उत्तर मला चांगलं माहीत होतं: अब्रू. त्यांनी त्याच दुपारी इंग्लंडला फोन लावला. बिशपसाहेबांची मुलगी चार दिवसांत आली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधीच माहीत होतं.

दोन आठवडे बिशपसाहेब माझ्याशी बोलले नाहीत. ऑफिसवरून जाताना मान वळवायचे. त्यांची मुलगी माझे हात धरून आभार मानायची आणि मला ते आभार चटका लागल्यासारखे वाटायचे. नवरा म्हणाला, "तू बरोबर केलंस." मी पहिल्यांदा त्याला सांगितलं तेव्हाच तो असं काही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

मुलीबरोबर इंग्लंडला परत जायच्या आदल्या दिवशी, सोमवारी दहा वाजता ते स्वतः ऑफिसात आले. जांभळा शर्ट, इस्त्री कडक. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"लिहायचं आहे," म्हणाले. "शेवटचं प्रकरण. चालू करा."

मी चालू केलं.

"त्या रविवारी मला सगळं आठवत होतं," ते सांगायला लागले, सावकाश, टाइप करता येईल अशा गतीने. "बाजारही आठवत होता, वचनही. चहाच्या वेळी लोकांनी कौतुक केलं आणि मला वाटलं, अजून थोडे दिवस निभेल. म्हणून मी विसरल्याचं सोंग केलं. खरं विसरायला लागलेल्या माणसाने ते केलं. पन्नास वर्षं मी लोकांचे कबुलीजबाब ऐकले. हा माझा आहे. विसरायच्या आत घ्या."

माझी बोटं थांबली होती. "सर, हे तुमच्या मुलीने वाचायचंय."

"तिनेच वाचायचं आहे. गाळू नका."

मग त्यांनी विचारलं, "तुमचे वडील कसे आहेत?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच, नीट, काही न झाकता सांगितलं. बारा वाजेपर्यंत आम्ही त्यांच्याबद्दलच बोललो, आणि त्या दिवशी त्या एका परिच्छेदापलीकडे काही टाइप झालं नाही.

मंगळवारी त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली. दोनशे अकरा पानं मी तिच्या हातात दिली. भावाची दोन्ही नावं तशीच ठेवली होती, कुठलं खरं ते तिने ठरवावं म्हणून. तिचे मेल येतात. आता ते तिलाही कधी ओळखतात, कधी नाही. जेवण नीट आहे, चिडचिड नाही. मी त्या वर्षीची रजा डिसेंबरऐवजी जुलैतच घेतली आणि दीड महिना चिपळूणला राहिले. दादाशी पहिल्याच संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वडिलांना घेऊन डॉक्टरकडे गेलो.